टर्बो गाडीला कोणतं पेट्रोल? ऑक्टेनच्या आकड्याचा खरा अर्थ

पूर्वी टर्बो पेट्रोल इंजिन म्हणजे वेगवेड्या लोकांचं खूळ समजलं जायचं. आता एक लिटरच्या, तीन सिलिंडरच्या घरगुती हॅचबॅकलाही टर्बो असतो. प्रदूषणाचे आणि इंधनखर्चाचे नियम कडक होत गेले, तशी कंपन्यांनी मोठी इंजिनं काढून त्यांच्या जागी छोटी टर्बो इंजिनं बसवली. त्याबरोबर एक जुनाच प्रश्न नव्या लोकांच्या गळ्यात पडला. पंपावर ९१, ९५, ९८, कुठे १०० असे आकडे लावलेले असतात. त्यातलं आपल्या गाडीत कोणतं भरायचं?

विचारायला जावं तर उत्तरं दोन टोकांची मिळतात. एक म्हणतो, टर्बो आहे ना, मग सगळ्यात महागडंच भरा, गाडी उडेल. दुसरा म्हणतो, सगळा मार्केटिंगचा खेळ आहे, आजकालच्या गाड्या काहीही पचवतात. दोघांच्याही म्हणण्यात थोडं खरं आहे, पण त्यावर विसंबून टाकी भरावी इतकं नाही.

आकडा नेमकं काय मोजतो?

ऑक्टेनच्या आकड्यावरून पेट्रोलची ताकद कळत नाही, शुद्धता कळत नाही, ते किती ताजं आहे हेही कळत नाही. कळते ती एकच गोष्ट: दाब आणि उष्णता वाढत गेली, तर ठिणगीची ज्योत येईपर्यंत हे पेट्रोल किती दम धरेल. ऑक्टेन जितकं जास्त, तितकं ते आपण होऊन पेटायला नाखूश.

१९२० च्या दशकात ग्रॅहम एडगर या अमेरिकी रसायनतज्ज्ञाने या मोजपट्टीची दोन टोकं ठरवली. आयसो-ऑक्टेन नावाचा द्रव दाबाखाली चांगला टिकतो, त्याला १००. नॉर्मल हेप्टेन लगेच पेट घेतो, त्याला शून्य. म्हणजे ९५ च्या पेट्रोलमध्ये ९५ टक्के ऑक्टेन असतं असं नव्हे. चाचणीच्या एका ठरावीक इंजिनात ते ९५ टक्के आयसो-ऑक्टेन आणि ५ टक्के हेप्टेनच्या मिश्रणासारखं वागतं, इतकाच त्याचा अर्थ. हे चाचणीचं इंजिन मोठं गमतीचं असतं. एकच सिलिंडर, आणि इंजिन चालू असतानाच तो सिलिंडर वर-खाली सरकवून आतला दाब कमी-जास्त करता येतो. पेट्रोल अवेळी पेटल्याचा आवाज सुरू होईपर्यंत दाब वाढवायचा, मग ठरलेल्या मिश्रणांशी तुलना करायची. शंभर वर्षं होत आली, पद्धत मुळात तीच आहे.

आणि १०० हे कुंपण नाही. इथेनॉल, टोल्युइन यांसारखी द्रव्यं १०० च्या बरीच पुढे जातात.

नॉकिंग होतं तेव्हा आत काय घडतं

पिस्टन वर येतो, हवा आणि पेट्रोलचं मिश्रण दाबलं जातं, स्पार्क प्लग ठिणगी टाकतो. त्यानंतर सिलिंडरमध्ये स्फोट होतो अशी पुष्कळांची समजूत असते. स्फोट होत नाही, निदान व्हायला नको. ठिणगीपासून निघालेली ज्योत पसरत जाते आणि सिलिंडरच्या कडेपर्यंत पोचायला तिला काही मिलिसेकंद लागतात.

ज्योत सरकते तसं कडेला उरलेलं, अजून न पेटलेलं मिश्रण आणखी दाबलं जातं, आणखी तापतं. खरी मेख या उरलेल्या मिश्रणात आहे. ज्योत येईपर्यंत ते दम धरून राहिलं तर जळण सुरळीत होतं. त्याचा धीर सुटला तर ते ठिकठिकाणी एकदम पेटतं, आणि त्यातून उठलेली दाबाची लाट सिलिंडरच्या भिंतींवर आपटत राहते, सेकंदाला साधारण सहा-सात हजार वेळा. बाहेर ऐकू येते ती बारीक, धातूची किणकिण. यालाच नॉकिंग म्हणतात.

आवाजाचा त्रास नाही, त्रास उष्णतेचा आहे. जळताना आतलं तापमान २००० अंश सेल्सिअसच्या वर जातं. पिस्टन असतो अल्युमिनियमच्या मिश्रधातूचा, आणि शुद्ध अल्युमिनियमसुद्धा ६६० अंशांना वितळतं. तरी पिस्टन टिकतो, कारण त्याच्या माथ्याला आणि भिंतींना लागून वायूचा एक पातळ, त्यातल्या त्यात थंड थर असतो. नॉकच्या लाटा हा थरच उधळून लावतात. मग उष्णता थेट धातूत शिरते. एखाद-दुसऱ्या नॉकने काही होत नाही. पण जोरात, सतत होत राहिलं तर पिस्टनच्या कडा कुरतडल्यासारख्या होतात, रिंगा बसवलेल्या खाचांमधली भिंत तुटते, कधी माथ्याला भोक पडतं. वर्कशॉपमध्ये उघडलेल्या अशा इंजिनाचा पिस्टन हातात घेऊन पाहिलात, तर कडेला वाळूने खरवडल्यासारखे बारीक खड्डे दिसतील.

आता ठिणगीच्या वेळेबद्दल थोडं, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. ज्योतीला पसरायला वेळ लागतो, म्हणून ठिणगी पिस्टन माथ्यावर पोचायच्या जरा आधी टाकावी लागते. दाब सर्वांत जास्त व्हायला हवा तो पिस्टन माथा ओलांडून क्रँक, म्हणजे पिस्टनने फिरणारा दांडा, दहा-पंधरा अंश पुढे गेल्यावर. सायकलचा पायडल आठवा. तो वरचा टप्पा ओलांडतो न ओलांडतो तोच पाय दाबला तर सायकल झपकन पुढे जाते. वर चढत असतानाच दाबला तर आपणच आपल्याला अडवतो. फार उशिरा दाबला तर जोर वाया जातो. इंजिनाला ठिणगी योग्य वेळी टाकायची असते, पण तेवढ्यात नॉक होईल अशी भीती असेल तर ती मुद्दाम उशिरा टाकावी लागते. नॉक टळतो, जोर मात्र कमी मिळतो.

टर्बो आला की गणित का बदलतं

एक्झॉस्टमधून बाहेर पडणारा गरम वायू टर्बोचं एक चाक फिरवतो, मिनिटाला लाखाच्याही वर फेऱ्यांनी. त्याच दांड्यावरचं दुसरं चाक बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतं. हवा जास्त, म्हणून पेट्रोलही जास्त घालता येतं, म्हणून छोट्या इंजिनातून मोठ्या इंजिनाचा जोर निघतो.

फुकट काही मिळत नाही. हवा दाबली की तापते. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचं खालचं टोक हाताला चटका देतं ते यामुळेच. ३० अंशांची हवा टर्बोने दुप्पट दाबावर नेली, तर ती साधारण १२० अंशांच्या आसपास जाते. मधे इंटरकूलर, म्हणजे हवेसाठीचा रेडिएटर, बसवून ती थंड करतात, तरी बाहेरच्या हवेपेक्षा ती गरमच राहते. अशी आधीच दाबलेली, आधीच तापलेली हवा सिलिंडरमध्ये जाते आणि पिस्टन तिला आणखी दहा पट दाबतो. कडेच्या उरलेल्या मिश्रणाचा धीर सुटायला याहून चांगली परिस्थिती कोणती?

म्हणून जुन्या टर्बो इंजिनांचा कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे पिस्टन खाली असतानाची जागा आणि वर असतानाची जागा यांचं प्रमाण, मुद्दाम कमी ठेवत. आठ-नऊला एक, एवढाच. पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारण्याचं तंत्र रुळल्यावर हे बदललं. फवारलेलं पेट्रोल आतच वाफ होतं आणि वाफ होताना आतली उष्णता शोषून घेतं. त्या थंडाव्याच्या जोरावर आजची टर्बो इंजिनं दहाला एक किंवा त्याच्याही वरचं प्रमाण झेपवतात.

या कोंडीचं सगळ्यात रंगतदार उदाहरण १९६२ चं आहे. ओल्ड्‌समोबिल कंपनीने त्या वर्षी जेटफायर नावाची टर्बो गाडी बाजारात आणली आणि कॉम्प्रेशन रेशो ठेवला चक्क १०.२५ ला एक. त्या काळच्या पेट्रोलला हे झेपणार नव्हतं. मग त्यांनी बॉनेटखाली एक वेगळी टाकी बसवली. तिच्यात शुद्ध पाणी आणि मिथेनॉल यांचं मिश्रण भरायचं, नाव दिलं ‘टर्बो-रॉकेट फ्लुइड’. टर्बो जोरात आला की हे मिश्रण इंजिनात जायचं आणि आत थंडावा करायचं. यंत्र म्हणून कल्पना अचूक होती. गाडीचे मालक मात्र ती टाकी भरायलाच विसरायचे. टाकी रिकामी झाली की गाडी आपोआप टर्बोचा जोर आवरता घ्यायची, आणि मालक तक्रार घेऊन हजर: गाडी ओढत नाही! पेट्रोलमध्ये दम नसेल तर टर्बोचा जोर वापरता येत नाही, हे त्या ग्राहकांना साठ वर्षांपूर्वीच कळलं होतं, फक्त कारण कळलं नव्हतं.

एक गोष्ट मात्र विसरू नका. टर्बो सतत जोर लावत नसतो. सपाट रस्त्यावर, हलक्या पायाने, एकसारख्या वेगात गाडी चालते तेव्हा थ्रॉटल, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेची झडप, अर्धवट मिटलेला असतो आणि सिलिंडरमध्ये जाणाऱ्या हवेचा दाब बाहेरच्या हवेपेक्षाही कमी असतो. त्या वेळी इंजिनाला ९१ काय नि ९५ काय, सारखंच. फरक पडतो तो घाटात, गाडी भरलेली असताना, एसी चालू असताना, उन्हाच्या कहारात, ओव्हरटेक करताना. म्हणजे ऑक्टेनचा प्रश्न पाय किती खाली जातो त्याच्याशी बांधलेला आहे.

“जास्त ऑक्टेन म्हणजे जास्त ताकद, असंच ना?”

थेट तसं नाही. ऑक्टेन इंजिनाला जोर देत नाही, जोर लावायची परवानगी देतं. ती परवानगी वापरायची का, आणि किती, ते इंजिन ठरवतं.

दुसऱ्या महायुद्धातलं उदाहरण घ्या. ब्रिटिश लढाऊ विमानांच्या रोल्स-रॉइस मर्लिन इंजिनांत हवा दाबून भरायला सुपरचार्जर होता. टर्बोसारखंच काम, फक्त त्याचं चाक एक्झॉस्टवर न फिरता इंजिनाच्या गिअरवर फिरतं. ८७ ऑक्टेनच्या पेट्रोलवर सुपरचार्जरचा दाब चौरस इंचाला सव्वासहा पौंडांवर थांबवावा लागे. १९४० मध्ये १०० ऑक्टेनचं पेट्रोल आलं आणि तोच दाब १२ पौंडांपर्यंत नेता आला. साधारण १०३० अश्वशक्तीचं इंजिन १३०० च्या पलीकडे गेलं. नव्या पेट्रोलमध्ये जास्त ऊर्जा नव्हती. त्याने दाब वाढवू दिला, आणि वैमानिकाला तो वाढवता येत होता. दाब तेवढाच ठेवला असता तर १०० ऑक्टेन भरून हाती काही लागलं नसतं.

ऑक्टेन आणि ऊर्जा ही दोन वेगळी खाती आहेत, हे १९८८ च्या फॉर्म्युला वनमध्येही दिसतं. नियमाने इंधनाचं ऑक्टेन १०२ पर्यंतच चालायचं आणि शर्यतीला १५० लिटरच मिळायचं. होंडाने आपल्या टर्बो इंजिनासाठी ८४ टक्के टोल्युइन वापरलं, कारण ते वजनाला जड असतं, लिटरमागे जास्त ऊर्जा देतं. पण त्याने ऑक्टेन नियमाच्या वर जाऊ लागलं. मग आकडा खाली आणायला उरलेले १६ टक्के त्यांनी काय घातलं? नॉर्मल हेप्टेन, मोजपट्टीवरचं शून्य!

तुमच्या गाडीच्या बाबतीत याचा अर्थ सरळ आहे. इंजिन ९१ साठीच बांधलेलं असेल, त्याच्या कॉम्प्युटरमध्ये ९१ च्या पुढचं ठिणगीचं टायमिंग किंवा टर्बोचा जास्तीचा दाब नोंदलेलाच नसेल, तर १०० भरून ते जसं चालायचं तसंच चालेल. ‘पिकअप वाढला’ असं वाटलं तर तो बहुधा खिशातून गेलेल्या पैशांचा परिणाम असतो.

“पण आजकाल कॉम्प्युटर सांभाळून घेतो की!”

घेतो, आणि चांगलं घेतो. इंजिनाच्या ब्लॉकवर बोल्टने बसवलेला एक छोटा सेन्सर असतो, नॉक सेन्सर. नॉकच्या ठरावीक कंपनांवर तो कान ठेवून असतो. कंपन जाणवलं की इंजिनाचा कॉम्प्युटर, म्हणजे ईसीयू, ठिणगी काही अंश उशिरा टाकतो, मग हळूहळू पुन्हा पुढे आणत पाहतो. टर्बो गाडीत तो टर्बोचा दाबही उतरवू शकतो. स्वीडनच्या साब कंपनीने १९८२ मध्ये हीच जोडणी आणली होती: नॉक ऐकायचा आणि टर्बोचा दाब आपोआप खाली-वर करायचा. त्यामुळे वेगवेगळ्या ऑक्टेनच्या पेट्रोलवर गाडी सुरक्षित चालू शकली.

तरी या भरवशाला तीन मर्यादा आहेत. पहिली, सेन्सर नॉक ऐकतो, म्हणजे नॉक झाल्यावरच हालचाल करतो. दुसरी, ठिणगी मागे न्यायलाही हद्द असते. कंपनीने गृहीत धरलेल्या किमान ऑक्टेनच्या खाली गेलात की ती हद्द संपते. तिसरी सहसा कोणी सांगत नाही. ठिणगी उशिरा टाकली की जळण उशिरा संपतं आणि जास्त गरम वायू एक्झॉस्टमध्ये जातो. टर्बोचं चाक तिथेच बसलेलं असतं. ते आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धूर साफ करणारा भाग, फार तापू नयेत म्हणून ईसीयू गरजेपेक्षा जास्त पेट्रोल घालून आतलं तापमान खाली आणतो. म्हणजे स्वस्त पेट्रोल भरून जे वाचवलं, त्यातलं काही घाटात असंच जळून जातं.

किती फरक पडतो? माझ्या मते सर्वांत प्रामाणिक आकडा माझ्दाने दिला. त्यांच्या २.५ लिटर टर्बो इंजिनाची अश्वशक्ती अमेरिकेत सुरुवातीला दोन पेट्रोलांवर वेगवेगळी छापली होती: तिथल्या ८७ वर २२७, तिथल्या ९३ वर २५० (तिथलं माप वेगळं, ते पुढे येईलच). दहा टक्क्यांचा फरक! टॉर्क मात्र दोन्हींवर सारखाच, साधारण ४२० न्यूटन-मीटर, तोही २००० आरपीएमलाच. अश्वशक्तीचा तो फरक इंजिन वर फिरवल्यावर दिसतो. रोजच्या रहदारीत २५०० च्या वर क्वचित जाणाऱ्या माणसाला तो कधी भेटणारही नाही.

अमेरिकेतल्या एएए या वाहनधारकांच्या संघटनेने २०१७ मध्ये महाग पेट्रोलची ‘शिफारस’ असलेल्या, पण सक्ती नसलेल्या गाड्या तपासल्या. मायलेजमध्ये सरासरी २.७ टक्के आणि अश्वशक्तीत १.४ टक्के वाढ दिसली. किमतीतला फरक याहून जास्त असेल तर निव्वळ पैशांचा हिशोब बसत नाही.

मॅन्युअलमधली तीन वाक्यं

पंपावरच्या पाटीपेक्षा पेट्रोलच्या झाकणाच्या आतलं स्टिकर आणि गाडीचं मॅन्युअल जास्त महत्त्वाचं. तिथे बहुतेक वेळा तीनपैकी एक गोष्ट लिहिलेली असते, आणि लोक तिन्ही एकच समजून वाचतात.

‘किमान ९५’ किंवा ‘९५ आवश्यक’ असं असेल तर विषय संपला. ९५ च्या खाली जाऊ नका, कितीही स्वस्त मिळो.

‘किमान ९१, शिफारस ९५’ असं असेल तर ९१ वर इंजिनाला धोका नाही, पण कंपनीने जाहीर केलेला जोर ९५ वर मोजलेला असण्याची शक्यता बरीच. शहरात हलक्या पायाने चालवता? ९१ ठेवा. सहकुटुंब, सामान भरून, उन्हाळ्यात डोंगर चढायचा आहे? त्या एका टाकीला ९५ भरा. असं अदलून-बदलून भरल्याने इंजिनाचं काही बिघडत नाही. ईसीयू थोड्या वेळात जुळवून घेतो.

आणि नुसतं ‘९१’ लिहिलं असेल, शिफारशीचा उल्लेखच नसेल, तर जास्त ऑक्टेनवर पैसे घालवू नका. गाडीला टर्बो आहे एवढं कारण पुरेसं नाही. पुष्कळ घरगुती टर्बो गाड्या साध्या पेट्रोलसाठीच बांधलेल्या असतात, आणि त्यांच्या इंजिनिअरांनी कॉम्प्रेशन, टर्बोचा दाब, टायमिंग सगळं त्या हिशोबाने बसवलेलं असतं.

९१ म्हणजे कुठलं ९१?

इंटरनेटवर अमेरिकी व्हिडिओ पाहणारे इथे हमखास फसतात. ऑक्टेन मोजायच्या दोन चाचण्या आहेत. एकीत इंजिन ६०० आरपीएमला, सौम्य परिस्थितीत चालवतात. तो आकडा रॉन. दुसरीत ९०० आरपीएम, आणि मिश्रण १४९ अंशांपर्यंत तापवलेलं. तो आकडा मॉन. त्याच पेट्रोलचा मॉन रॉनपेक्षा आठ-दहाने कमी येतो. जगातल्या बहुतेक देशांत पंपावर रॉन लिहितात. अमेरिका आणि कॅनडात दोन्हींची सरासरी लिहितात. त्यामुळे तिथलं ८७ म्हणजे इतरांचं साधारण ९१-९२, तिथलं ९१ म्हणजे ९५-९६, आणि तिथलं ९३ म्हणजे ९८ च्या आसपास. तिकडचा माणूस ‘माझ्या टर्बोला ९१ लागतं’ म्हणतो तेव्हा तो आपल्या हिशोबाच्या ९५ बद्दल बोलत असतो. परदेशातून आणलेल्या गाडीचं स्टिकर वाचताना हे आधी तपासा.

गंमत म्हणजे आधुनिक टर्बो इंजिनांच्या बाबतीत ही सरासरी दिशाभूल करते. शेल आणि नंतर सौदी अरामको या तेल कंपन्यांमध्ये संशोधन केलेल्या गौतम कलघटगी यांनी दाखवलं, की आजच्या टर्बो इंजिनांतला दाब-तापमानाचा मेळ रॉनच्या चाचणीच्याही पलीकडे गेला आहे. रॉन सारखा असलेल्या दोन पेट्रोलांपैकी ज्याचा मॉन कमी, ते अशा इंजिनात उलट जास्त टिकतं. पंपावर मॉन वेगळा लिहीत नाहीत, त्यामुळे ग्राहकाला याचा उपयोग नाही. टर्बो गाडीसाठी रॉन बघा, इतकं पुरे.

उंचीचाही एक गैरसमज आहे. डोंगराळ भागात हवा विरळ, म्हणून साध्या इंजिनांना तिथे कमी ऑक्टेन चालतं. अमेरिकेच्या पहाडी राज्यांत तर तिथल्या मापाने ८५ विकलं जातं. टर्बो मात्र विरळ हवाही दाबून आत भरतो आणि ती कमतरता बरीचशी भरून काढतो. त्यामुळे उंचीवरची ही सवलत टर्बोवाल्यांनी घेऊ नये.

इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल

इथेनॉलचा स्वतःचा रॉन १०८-१०९ च्या घरात असतो, आणि वाफ होताना ते पेट्रोलपेक्षा खूप जास्त उष्णता शोषतं. नॉकच्या दृष्टीने टर्बो इंजिनाला हे मानवतं. पण लिटरमागे त्यात पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी. म्हणून मिश्रण वाढलं की मायलेज थोडं घसरतं, आणि ते ऑक्टेन कमी असल्यामुळे घसरत नाही.

‘इथेनॉल घातलंय, म्हणजे ९१ चं खरं तर ९४ झालं असेल’ हा हिशोबही चुकीचा. पाटीवरचा आकडा इथेनॉल मिसळल्यानंतरचा असतो. इथेनॉल घालायचं आहे हे धरून रिफायनरी मूळ पेट्रोल कमी ऑक्टेनचं बनवू शकते. गाडीच्या नळ्या, सील आणि पंप त्या टक्केवारीच्या इथेनॉलला चालतात का, हा स्वतंत्र प्रश्न आहे, आणि त्याचंही उत्तर झाकणाच्या आतल्या स्टिकरवर किंवा मॅन्युअलमध्येच मिळतं.

‘प्रीमियम’ नाव आणि बाटलीतलं ऑक्टेन

आकर्षक नावाने विकलं जाणारं प्रत्येक पेट्रोल जास्त ऑक्टेनचं नसतं. कधी ऑक्टेन साध्याइतकंच असतं आणि वर सफाईची रसायनं घातलेली असतात. ती चांगली असतात, पण नॉक थांबवणं हे त्यांचं काम नव्हे. नावावर जाऊ नका, आकडा विचारा.

ऑक्टेन बूस्टरच्या बाटल्यांचा खेळ आणखी मजेदार. लेबलवर लिहिलेलं असतं, ‘३० पॉइंट वाढ’. या धंद्यात दहा पॉइंट म्हणजे ऑक्टेनचा एक आकडा. म्हणजे ९१ चे झाले ९४, तेही मात्रा बरोबर पडली तर. शिवाय काहींत मँगनीज किंवा लोखंडाची संयुगं असतात, त्यांचा तांबूस थर स्पार्क प्लगवर बसतो. पंपावर ९५ मिळत असताना ही बाटली घेण्यात मला तरी अर्थ दिसत नाही.

ऑक्टेनने न सुटणारा आवाज

सहावा गिअर, १५०० आरपीएम, समोर चढ, आणि पाय पूर्ण खाली. टर्बो इंजिनाला हीच परिस्थिती सर्वांत घातक. इथे कधी कधी मिश्रण ठिणगी पडायच्या आधीच पेट घेतं आणि एकच, जबरदस्त ठोका बसतो. याला कमी वेगातलं पूर्वज्वलन म्हणतात, इंग्रजी आद्याक्षरांनी एलएसपीआय. नेहमीच्या नॉकपेक्षा हा प्रकार कितीतरी जोरदार, आणि ठिणगी पडलेलीच नसल्यामुळे ती मागे नेऊन ईसीयूला तो थांबवता येत नाही.

यात मोठा हात असतो सिलिंडरच्या भिंतीवरून सुटणाऱ्या इंजिन ऑइलच्या थेंबांचा. ऑइलमधली कॅल्शियमयुक्त सफाईची रसायनं याला खतपाणी घालतात असं लक्षात आलं. म्हणून २०१८ मध्ये अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटची, म्हणजे एपीआयची, एपीआय एसएन प्लस आणि २०२० मध्ये एपीआय एसपी ही ऑइलची मानकं आली, त्यांत याची वेगळी चाचणी आहे. १०० ऑक्टेनचं पेट्रोल भरून ऑइल मात्र जुन्या दर्जाचं वापरणारा माणूस चुकीच्या खिडकीत पैसे भरतोय. मॅन्युअलमधलं ऑइल वापरा, आणि चढावर एक-दोन गिअर खाली घ्या. इंजिन जरा वर फिरलं तर आवाज वाढेल, त्याला घाबरू नका.

रीमॅप केलेली गाडी

ईसीयूचं सॉफ्टवेअर बदलून जोर वाढवून घेतला असेल, तर कंपनीचं स्टिकर विसरा. टर्बोचा दाब वाढवलेला असतो, ठिणगी आधी आणलेली असते, म्हणजे कंपनीने राखलेली सुरक्षित जागा खर्ची पडलेली असते. ज्या ऑक्टेनवर रीमॅप केला ते, किंवा त्याच्या वरचंच भरायचं. रीमॅप करणाऱ्याने कोणत्या रॉनवर काम केलं हे लिहून द्यायला नकार दिला, तर त्याच्याकडून काम करून घेऊ नये.

चुकून कमी ऑक्टेन भरलं तर

९५ ची गाडी, आणि पंपावरच्या पोऱ्याने ९१ भरलं. टाकी रिकामी करायला धावू नका. हलक्या पायाने चालवा, चढावर गिअर खाली ठेवा, जड ओझं किंवा भरधाव ओव्हरटेक टाळा. टाकीत जागा झाली की वरून जास्त ऑक्टेनचं भरा. पेट्रोल मिसळलं की ऑक्टेन ढोबळमानाने सरासरीने येतं, म्हणजे अर्धी टाकी ९१ आणि अर्धी ९८ मिळून साडेचौऱ्याण्णवच्या आसपास.

किणकिण ऐकू आलीच तर पाय तिथल्या तिथे उचला. आणि योग्य पेट्रोलच्या दोन टाक्या संपूनही ती येतच राहिली, तर दोष पंपात शोधत बसू नका. पिस्टनवर साठलेला कार्बन, चुकीच्या रेटिंगचे स्पार्क प्लग, नीट काम न करणारं कूलंट, चिखलाने किंवा पानांनी भरलेला इंटरकूलर, नाहीतर निकामी झालेला नॉक सेन्सर, यांपैकी काहीतरी निघेल. मेकॅनिकला स्कॅनर लावून ठिणगी किती अंश मागे जातेय आणि कोणत्या सिलिंडरमध्ये, ते पाहायला सांगा. एकाच सिलिंडरमध्ये मागे जात असेल तर पेट्रोलचा संशय जवळजवळ फिटला; सगळ्याच सिलिंडरमध्ये सारखीच जात असेल तर कूलंट, आत येणाऱ्या हवेचं तापमान आणि पेट्रोलची पावती या क्रमाने तपासायला घ्या.